चुन्याचं दुसरं बोट

कुटुंबं मोजून आणायला सांगितली होती. मी चुली मोजून आणल्या.

चूक एवढीच. त्या वेळी ती मला चूक वाटलीच नाही. उलट आपल्याला एक नामी युक्ती सापडली अशी माझी समजूत होती, आणि ती मी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगत असे.

मी ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावातला. आमच्याकडे दोन भाऊ एकाच छपराखाली राहत असले, एकाच विहिरीचं पाणी पीत असले, तरी दुसरी चूल मांडली गेली की घर फुटलं. पंच नंतर येतात, शेतात बांध त्याहून नंतर पडतो. आधी चूल वेगळी होते. माझ्या काकूनं एका दुपारी परसात तीन दगड मांडून त्यावर भात शिजवला आणि दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की यांचं वाटलं गेलं. वडील आणि काका त्यानंतरही एकाच बैलबंडीतून बाजाराला जात, एकाच पुडीतला तंबाखू मळत. पण घरं दोन. तेव्हा चूल म्हणजे घर ही गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही.

मॅट्रिकनंतर मी निर्वासितांच्या कामावर लागलो. गुण म्हणाल तर अक्षर वाचता येण्याजोगं होतं आणि सायकल स्वतःची होती. पहिलं काम चांद्याला, परकोटाबाहेरच्या बराकींत. तिथे सिंधी मंडळी उतरली होती. त्यांना पक्के क्वार्टर मिळायचे होते, एका कुटुंबाला एक, म्हणून कुटुंबं मोजायची. मी बराकीत शिरलो तर कोण कोणाचं हेच कळेना. सगळे एकमेकांचे मामेभाऊ नाहीतर साडू. एकाला मोजेपर्यंत तो उठून दुसऱ्या खोलीत जाई आणि तिथे पुन्हा मोजला जाई. दुपारपर्यंत मी घामानं भिजलो, आणि मग ती युक्ती सुचली. माणसं हिंडतात, शेगडी हिंडत नाही. शेगड्या मोजल्या.

एका खोलीत त्याच सकाळी सासू-सुनेचं वाजलं होतं. कशावरून, तर भाजीत मीठ जास्त की कमी. सून रागानं शेगडी उचलून व्हरांड्यात आली होती आणि तिथे डाळ फोडणीला टाकत होती. मी लिहिलं, दोन. किल्ल्या हातात पडेपर्यंत दोघींचं गोडही झालं होतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये सासऱ्यानं कापडाचे तागे रचले आणि बघता बघता तिथे दुकान झालं. मी त्या रस्त्यानं निघालो की म्हातारा गल्ल्यावरून हाक मारी, "बाबूजी, पापड खाके जाना. आपने हमारा घर बसाया!" मी पापड खाई. भाजीतल्या मिठानं बसवलं असं काही मी म्हणालो नाही.

जिल्हा तेव्हा नुकताच एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला होता. तो बिचारा जागचा हलला नव्हता. बदलले ते शिक्के आणि साहेब. नवे साहेब पुण्याकडचे. माणूस सज्जन. लाच नाही, शिवी नाही, आवाज चढवणं नाही. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "वैनगंगेपलीकडे पूर्व बंगालची कुटुंबं आणून ठेवली आहेत. आता जंगल तोडून त्यांना जमिनी द्यायच्या. ज्या कुटुंबात कमावता पुरुष आहे त्याला जमीन. बराकींचं काम तुम्ही चोख केलंत. हेही करा."

चोख हा शब्द ऐकून मी सायकलला तेल घातलं.

या दोन तऱ्हेच्या निर्वासितांत फरक काय, हे मला तेव्हा थोडंफार ठाऊक होतं. पश्चिमेकडून आलेल्यांना मागे राहिलेल्या घरादाराची भरपाई देण्याचा कायदा होता. पूर्वेकडून आलेल्यांना तो लागू नव्हता. का, तर त्यांची घरं कागदावर अजून त्यांचीच होती आणि ते कधीतरी परत जातील असं दिल्लीला वाटत होतं. त्यांना तसं वाटत नव्हतं, पण त्यांना कोण विचारतो! एका छावणीतून दुसऱ्या छावणीत, तिथून तिसरीत, असं करत करत ते आमच्या जंगलात पोचले होते. म्हाताऱ्या सिंध्याला त्याच्या हवेलीबद्दल काहीतरी मिळालं. इकडे एका माणसानं मला आपल्या सुपारीच्या बागेबद्दल सांगितलं. ऐकून घेण्यापलीकडे मला काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

छावणी सागाच्या जंगलाच्या कडेला होती. बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या, वर गवत, मधून लाल मातीची वाट. मोजणीला मदत म्हणून जवळच्या गावाचा कोतवाल दिला होता. जातीनं गोंड, वयानं माझ्या वडिलांएवढा, आणि बोलला तर नेमकं नको तेव्हा बोलणारा. त्याच्या हातात चुन्याचं मडकं होतं. मी चूल बघायची, आकडा सांगायचा आणि त्यानं दाराच्या बल्लीवर, म्हणजे खांबावर, चुन्यानं तितकी बोटं ओढायची. एक चूल, एक बोट. म्हणजे साहेब आले की नुसत्या बल्ल्या बघत गेले तरी काम व्हावं. ही सुधारणाही माझीच.

वाटेत कोतवाल म्हणाला, "भाऊ, ह्याईले जमीन भेटते म्हंता. कुठची?"

"ही इथली. जंगल तोडून."

"त्या नाल्याकडची?"

"असेल. का?"

"काई नाई. थ्या नाल्याकडं माहा भाऊ कोदो पेरते. जंगलाचा गारड येते न उठवून देते. म्हंते, सरकारी जंगल हाय."

"मग ते सरकारीच आहे ना."

"हो नं," कोतवाल म्हणाला. "सरकारी तं हायच."

मी पुढच्या झोपडीत डोकावलो.

बहुतेक दारांवर एकेक बोट ओढून झालं. काही दारांवर दोन. दुसरी चूल बहुधा मागच्या बाजूला, आडोशाला असे. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या काकूचीही परसातच होती. एका झोपडीपुढे सून बोडीतले मासे तळत होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. तिचा नवरा पहाटे तिथून मासे धरून आणायचा. मागे गेलो तर छपरी उतरवून खाली दुसरी चूल. छोटी, शेणामातीनं सारवलेली, इतकी स्वच्छ की तिच्यावर स्वयंपाक होत असेल असं वाटू नये. तिच्यापुढे पांढऱ्या लुगड्यातली, केस कापलेली एक म्हातारी बांबूचे कोवळे कोंब चिरत बसली होती. आम्ही त्यांना वास्ते म्हणतो. छावणीत सगळे तिला ठाकुमा म्हणत, म्हणजे आजी.

"वेगळं शिजवता?" मी विचारलं.

"हो. माहं येगळं," ती म्हणाली.

तिला आमची बोली येते बघून मी चकित झालो. वास्ते विकायला येणाऱ्या एका गोंड बाईकडून ती शिकली होती. त्या बाईचीही ती घरची भाषा नव्हे. दोघींनी उसन्या भाषेत भाव करून करून ती बरीच वापरात आणली होती.

मी बाहेर येऊन कोतवालाला म्हटलं, "दोन."

त्यानं बोट चुन्यात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. "भाऊ, बुढी तं ह्याचीच माय हाय."

"माय असली म्हणून काय झालं? चूल वेगळी आहे ना?"

"चूल येगळी हाय."

"मग?"

"मंग काई नाई," म्हणून त्यानं दुसरं बोट ओढलं.

त्या घरच्या सुनेला ती बोटं काहीतरी शुभ वाटली असावीत. पुढच्या वेळी गेलो तर तिनं दोन्ही बोटांभोवती तांदळाच्या पिठानं वेलबुट्टी काढली होती.

पुढच्या वेळी म्हणजे मी वरचेवर जाऊ लागलो होतो. छावणीत माझं काम धान्य उतरवून घेण्याचं होतं आणि जेवायची सोय कुठेच नव्हती. ठाकुमानं एकदा माझ्याकडे नीट बघितलं, "लय वाळला हायस तू," म्हणाली, आणि केळीचं पान पुढे टाकलं. भात, वास्त्यांची मोहरी वाटून केलेली भाजी, कडू लिंबाच्या पाल्यात परतलेलं वांगं. कांदा नाही, लसूण नाही. मी दोनदा भात मागून घेतला. मग ते रोजचंच झालं. जेवणाऱ्यांवरून मोजलं असतं तर त्या दुसऱ्या चुलीवरचं कुटुंब म्हणजे ती आणि मी, असं लिहावं लागलं असतं.

धान कापणीला आले तेव्हा वरून हुकूम आला. कमावता पुरुष असलेल्या कुटुंबांना जमिनी. आणि ज्या बायका एकट्या, पाठीमागे कोणी नाही, त्यांना निराधार स्त्रियांच्या आश्रमात पाठवायचं. आश्रम दूर, दुसऱ्या राज्यात. छावणीतून ट्रकनं चांद्याला आणि तिथून आगगाडीनं पुढे. साहेबांनी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या आवाजात समाधान होतं. म्हाताऱ्या बायकांना जंगलात ठेवणं बरं नव्हेच, असं मलाही वाटलं. मग त्यांनी ज्या घरांतून बायका जायच्या ती घरं सांगितली, आणि त्यांत ठाकुमाचं होतं. दुसऱ्या बोटाच्या कुटुंबात पुरुष नव्हता.

मी सायकल हाणत छावणीत गेलो. ठाकुमाचा मुलगा कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. मी सांगितलं, तसा तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाबू, माँ अकेली कहाँ है? मैं हूँ ना."

"पण चूल वेगळी आहे ना तुमची!"

मग त्यानं मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. नवरा गेल्या दिवसापासून ती मासळी खात नाही. मासळीच्या चुलीवरचं, मासळीच्या भांड्यातलं काही खात नाही. म्हणून तिची चूल निराळी. त्याच्या आजीची होती, आजीच्या सासूचीही होती. एका घरात दोन चुली, घर एक.

कोतवाल शेजारीच बिडी ओढत होता. त्यानं धूर सोडला. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तसाच साहेबांकडे गेलो.

"साहेब, चूक झाली."

"कोणाची?"

"चुलीची," मी म्हणालो. मग मी सगळं सांगितलं, मासे, विधवा, आजीची सासू. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

"दुसरं बोट तुम्हीच ओढायला लावलंत ना?"

"हो."

"आणि परकोटाबाहेरच्या बराकी? त्याही चुली मोजूनच?"

"शेगड्या, साहेब."

"तिथे दुसऱ्या शेगडीला आपण दुसरं घर दिलं. आता इथे मी लिहू का, की दुसरी चूल म्हणजे दुसरं कुटुंब नव्हे? वरून विचारतील, मग तिथे कसं होतं? ती घरं काढून घ्यायची का?"

मला कापडाचे तागे आठवले. पापड आठवला. "नको साहेब."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, नियम सगळ्यांना एकच हवा. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा, यालाच अन्याय म्हणतात."

हे ते मनापासून म्हणाले. नियम खरोखर एकच होता. तिथे त्यानं दुकान दिलं आणि इथे तो मुलाच्या घरातून आई उचलून नेत होता. दोन्ही ठिकाणी मोजणारा मी. यात नेमकं कुठे बोट ठेवावं हे मला सापडेना, आणि सापडेपर्यंत साहेबांनी चष्मा परत घातला होता.

"मी बाजाराच्या आदल्या दिवशी येतो," ते म्हणाले. "डोळ्यांना एक चूल दिसली तर एक कुटुंब लिहीन. मला जे दिसेल ते." आणि वर विचारलं, "अशी आणखी घरं आहेत का?"

"नाही साहेब. ही एकच."

आणखी होती की नव्हती हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची घाईही नव्हती. एक चूक सांगताना माझे कान गरम झाले होते. चोख म्हणणाऱ्या माणसापुढे चुकांचा ढीग कोण टाकतो! साहेबांनी मला वाट दाखवली, ती मला समजली, आणि मी खूष होऊन शीळ घालत परत आलो.

छावणीत मी बातमी सांगितली: एक चूल मोडा, सगळं निभावलं. सून लगेच म्हणाली की पुढची मोडू. आम्ही सगळे ठाकुमाच्या चुलीवरचं खाऊ. मासे सोडले म्हणून काय बिघडतं?

हे ऐकून ठाकुमा जी उसळली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. बंगालीत बरंच बोलली, मग माझ्याकडे वळली. "हे मासे सोडन? काऊन सोडन? माहा पोरगा जित्ता हाय!"

मुलानं खाली मान घालून उलगडून सांगितलं. नवरा असलेल्या बाईनं मासळी खायचीच. तिनं सोडली, तर नवरा मेल्याचा तिनं आधीच शोक धरला असं होतं.

"माही फोड," ठाकुमा मला म्हणाली. "मातीची हाय. पुन्हा करीन."

मला चेव आला. कोतवाल कुदळ आणायला वळला, पण मी म्हटलं, कुदळ कशाला? आणि हिरोसारखी एक लाथ मारली. आत निखारे होते. चप्पल होरपळली, अंगठा भाजला, आणि मी एका पायावर अंगणभर नाचलो. एरवी मी असा नाचलो असतो तर छावणी लोटपोट हसली असती. कोणी हसलं नाही. सुनेनं पाणी आणून दिलं. ठाकुमा चुलीची ढेकळं गोळा करत होती, त्या कामात तिनं वर बघितलं नाही.

ठरल्या दिवशी साहेब जीपमधून आले. मी सुनेला बजावून ठेवलं होतं, आज मासळी नको, नुसता भात आणि मसुराची डाळ. साहेब पुढची चूल बघून, वाकून मागे गेले. तिथे सारवलेली जमीन होती, अजून ओली. त्यांनी ती बघितली. मला वाटतं त्यांना सगळं कळलं. पुढे येऊन त्यांनी बल्लीवरचं दुसरं बोट आपल्या अंगठ्यानं पुसलं. वेलबुट्टीचा निम्मा भाग त्याबरोबर गेला.

"एकच," ते म्हणाले आणि जीपकडे वळले.

इथे माझं काम संपलं होतं. मी गप्प बसलो असतो तर ही आठवण मी कदाचित कौतुकानं सांगितली असती.

"साहेब, खात्री करून घ्या," मी म्हणालो. "सगळे एकत्रच जेवतात. वाढा हो, ठाकुमाला वाढा!"

साहेब थबकले. सून माझ्याकडे बघत होती. मी हातानं पुन्हा खूण केली, वाढा. मनात म्हटलं, मासळी तर नाहीच आज, अडचण काय? ती चूल, ती भांडी, त्या डाळीतला कांदा, यांतलं एकही माझ्या डोक्यात आलं नाही. ताट आलं. ठाकुमा त्याच्यापुढे बसली. मुलगा एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

"असू द्या, असू द्या," साहेब म्हणाले.

पण तोपर्यंत तिनं भातात हात घातला होता. ती जेवली. सावकाश, सगळं जेवली, ताटात शीत ठेवलं नाही. सुनेनं तोंड तट्ट्याकडे केलं होतं. साहेब दारात अवघडून उभे होते. कोणी जेवत असताना पाठ फिरवून जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. ती हात धुवून उठली तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि गेले.

जीपची धूळ बसल्यावर कोतवाल म्हणाला, "साहेब तं जाऊन राह्यले होते, भाऊ."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. लाकडाच्या ठेकेदाराचा, सागाच्या सालीचा वास मारणारा. मी माणसं चढवून देण्याच्या कामावर होतो. ठाकुमाचं नाव निघालं होतं, त्यामुळे मी अगदी हलका होतो. भाजलेल्या अंगठ्यानं लंगडत का होईना, पण हलका. पहिली म्हातारी आली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. पांढरी लुगडी, कापलेले केस, हातात बोचकी. पहिलीबरोबर एक तरुण माणूस बोचकं धरून आला होता आणि ते सोडत नव्हता. दुसरीच्या मागे मुलगी आणि जावई.

"हे कोण?" मी कोतवालाला विचारलं.

"हा पुतण्या नाई का तिचा. सोबतच राह्यते."

"आणि त्या?"

"थ्या लेकीकडं राह्यते. मांगं चूल हाय तिची."

"तिची पण?"

"तिघीईची हाय. तुमीच तं दोन-दोन बोटं वढाले सांगतले."

"मग मला सांगितलं का नाही, कोतवालभाऊ?"

"तुमी इचारलं कुठी?"

मी ड्रायव्हरकडे गेलो. म्हटलं, जरा थांब, साहेबांना विचारून येतो. तो म्हणाला, "चांद्याची गाडी सुटन नं बाबू. साहेबाचा हुकूम हाय का थांबवाचा?" हुकूम नव्हता. साहेब त्या दिवशी कुठल्या तहसिलीत होते तेही मला ठाऊक नव्हतं. ज्यांना मी असं घर हे एकच म्हणून सांगितलं होतं, त्यांना सापडून तरी काय सांगणार होतो?

तिसरीला पायरी उंच पडत होती. मी तिला हात देऊन वर चढवलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली. आशीर्वादच असावा. पुतण्यानं अखेर बोचकं आत ठेवलं. कोणी मोठ्यानं रडलं नाही. या लोकांनी इतके ट्रक पाहिले होते की रडणं कधी सुरू करायचं हेच ठरत नसावं. ट्रक नाल्याच्या वळणावर गेला तरी ते तिथेच उभे होते, आणि मीही, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग मी ठाकुमाच्या झोपडीकडे गेलो. मागच्या छपरीत तिनं नवी चूल घातली होती, अजून ओली. कालच्या ताटानंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. मी उकिडवा बसलो. निदान हे एक घर तरी आपल्या हातून वाचलं, असं तिच्या तोंडून ऐकावं अशी माझी फार इच्छा होती.

"ठाकुमा," मी म्हटलं, "तुमचं तरी झालं."

तिनं चुलीवरून ओला हात फिरवला. एक भेग बुजवली. मग माझ्याकडे बघितलं.

"फोडाच्या होत्या तं साऱ्याईच्या फोडाच्या," ती म्हणाली. "तेही नाई जमलं तुले."